नाई म्हटलं नाई

कोसमगावात कशात पाप आहे आणि कशात नाही, हे भैयाजींना विचारून ठरायचं. त्यांना या कामावर कोणी बसवलं नव्हतं. पण गळ्यात तुळशीची माळ होती, भजनाचा आवाज चांगला होता, आणि साऱ्या गावात त्यांचंच एक घर असं होतं की जिथं कोंबडी कापली जात नव्हती आणि नाल्यातली मासोळी शिजत नव्हती. नांगरताना गांडूळ तुटलं तर भैयाजी बैल थांबवून "हरी हरी" म्हणायचे आणि मग पुढचं तास धरायचे. पुढच्या तासातही गांडुळं असायचीच, पण तेवढं चालून जायचं.

मुलचेऱ्याकडून आलापल्लीला जाताना सागाचं दाट रान लागायच्या जरा आधी हे गाव होतं. गावाला लागून नाला, नाल्यापलीकडं गोंडांच्या लहानशा वस्तीचा टोला. चांदा जिल्हा तेव्हा नागपूरच्या सरकारखाली होता. जीपमधून कोणी साहेब आला की गाव अजून उभं राहायचं.

त्या हिवाळ्यात धान निघालं, धानाच्या रिकाम्या बांध्यांमध्ये लाखोळी आणि हरभरा हिरवागार झाला, वाड्यांच्या कुंपणांवर वालाच्या शेंगा लटकल्या आणि वानरांचा कळप रानातून उतरला. वानरं नेहमीच यायची, पण त्या वर्षी ती मुक्कामालाच आली. घाटे सोलून खायची ती खायची, वर झाडं उपटून फेकायची. बुजगावणं उभं केलं तर एक हुप्प्या त्याच्या खांद्यावर हात टाकून बसला. डबे वाजवले तर पहिल्या दिवशी पळाली, दुसऱ्या दिवशी ऐकत बसली.

शेतकीखात्याचे एक साहेब येऊन गेले. देशाला धान्य पाहिजे आहे, ते वानरांना घालणं परवडणार नाही, गोळ्या घाला, परवान्याचं मी पाहतो, असं सांगून ते जीपमध्ये बसले. सांगणं सोपं होतं. साहेबांना मारुतीच्या गावात राहायचं नव्हतं. कोसमगावात वानर मेलं तर माणूस मेल्यासारखी त्याची तिरडी निघायची, गुलाल उधळून देवळामागं माती दिली जायची. तिथं गोळी कोण घालणार?

शेवटी मारुतीच्याच देवळापुढं, मारुतीच्याच डोळ्यांदेखत, वानरांचं काय करायचं यावर बैठक बसली. म्हातारा सुकलू म्हणाला, "घरटी एक माणूस बारीबारीनं राखणीले बसवा. दिवसभर हाकललं त येत नाई वांदर. आमच्या बापानं तसंच केलं."

सुकलूचं म्हणणं कोणी खोडलं नाही. फक्त कोणाची गाडी दुरुस्तीला होती, कोणाच्या पोरीला पाहायला पाहुणे यायचे होते, कोणाची कंबर धरली होती. राखणीला गावानं नेमलेला बिरजू होताच. तो टोल्यावरचा गोंड, अंगानं काटक, बोलायला कमी. खळ्यावर धानाचा वाटा मिळायचा, त्यावर तो साऱ्या शिवाराची राखण करायचा. पण एकटा माणूस या टोकाला गेला की वानरं त्या टोकाला उतरायची.

नथ्थू पाटील म्हणाला, "माझ्याजवळ भरमार बंदूक आहे. एक पाडला का बाकीचे जातेत. पाप लागते, मले माहीत आहे. भैयाजी भाऊ, तुमीच सांगा आता."

भैयाजी याच घडीची वाट पाहत होते. घसा साफ करून ते म्हणाले, "मारासाठी हात काऊन उचलावा, नथ्थू? न मारता बी उपाय आहे. तिकडं सिरोंच्याच्या बाजूले करतेत. एक वांदर जित्ता धराचा, त्याच्या गळ्यात घंटी बांधाची अन् सोडून द्याचा. तो गेला आपल्या कळपात, का कळप घंटीले भिऊन पळते. हा त्याइच्या मागं, ते याच्या पुढं. पळत पळत पार दुसऱ्या रानात. जीव गेला नाई, रगत सांडलं नाई."

साप मरावा आणि काठी तुटू नये, असा हा उपाय. बैठकीला तो फार पसंत पडला. मुख्य म्हणजे त्यात कोणाला दिवसभर उन्हात बसायचं नव्हतं.

वानर धरायचं काम अर्थातच बिरजूकडं आलं. ससे धरायचं जाळं त्यानं हरभऱ्याच्या कडेला लावलं आणि दुपारी एक वानरीण त्यात सापडली. गाव धावलं. भैयाजी बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी घेऊन आले. जाळ्यावर काठ्या दाबून माणसं उभी होती, खाली ती दात विचकून थरथरत होती.

"भाऊ, हिच्या पोटाशी पिलू आहे," बिरजू म्हणाला. "हिले सोडू का? दुसरं धरतो."

भैयाजींनी वाकून पाहिलं. काळ्या तोंडाचं, मुठीएवढ्या डोक्याचं पिल्लू आईच्या केसांना घट्ट धरून होतं. ते पाहून त्यांना कळवळा आला असता तर ही गोष्टच झाली नसती. त्यांना हिशेब सुचला.

"राहू दे," ते म्हणाले. "लेकुरवाळी आहे त चांगलंच आहे. एकटी राहाले भिईल. मागंमागंच पळंल कळपाच्या."

दोरी दातांनी तोडेल म्हणून घंटी तारेत ओवली. तार गळ्याभोवती पिळली. मग भैयाजींनी वानरिणीच्या कपाळाला शेंदूर लावला, तिच्यापुढं नारळ फोडला, हात जोडून म्हणाले, "मारुतीराया, लेकराइच्या पोटासाठी करून राह्यलो, क्षमा कर." बायांनीही हात जोडले. जाळं काढलं. वानरीण कडूलिंबावर चढून बसली आणि नवा दागिना घातलेल्या बाईनं चाचपावा तशी हातानं घंटी चाचपू लागली. लोक हसले. भैयाजीही हसले, पोट धरून हसले.

आणि उपाय लागू पडला. दुसऱ्या दिवशी वानरीण कळपाकडं गेली तशी सारी वानरं उधळली. झाडाझाडांवरून वानरं पुढं आणि किणकिण मागं. हुप्प्यानं एकदा थांबून तिला दात दाखवले, मग तोही पळाला. संध्याकाळच्या आत कळप नाल्यापलीकडं, टोल्याच्याही पलीकडच्या रानात दिसेनासा झाला. हरभऱ्यावर पुन्हा घाटे धरले. जीपवाले साहेब परत आले, भैयाजींचा हात हातात घेऊन म्हणाले की हे सगळ्या जिल्ह्यात दाखवलं पाहिजे. आजूबाजूच्या गावचे लोक पाहायला येऊ लागले. पाहायला तसं काहीच नव्हतं, म्हणून ते भैयाजींना पाहून जायचे. घंटीवाले भाऊ, असं नाव पडलं. आलापल्लीच्या बाजारात अनोळखी माणसानं "रामराम घंटीवाले भाऊ" म्हटलं तेव्हा भैयाजी मिरच्या घ्यायच्या विसरून घरी आले.

गुणाबाईनं मिरच्यांबद्दल विचारलं नाही. नवऱ्याचा चेहरा पाहून ती समजली. या बाईला नवऱ्याची थट्टा करायची सवय होती, पण लोकांदेखत ती कधी करायची नाही. "तुमालेच एक हार घालून देवळात बसवतो आता," एवढं म्हणून ती चुलीपाशी गेली.

किणकिण तिनंच आधी ऐकली. वाडीत वाल तोडायला गेली होती. नाल्याकाठच्या मोहाच्या झाडावर ती वानरीण बसली होती. एकटी. कळपाच्या मागं ती धावली असेल धावेल तितकी. पण पोटाशी पिल्लू घेऊन किती धावणार? शेवटी ज्या रानातून आली तिथंच परत आली होती.

गुणाबाई घरी येऊन म्हणाली, "तुमची घंटी आली पाहा. जाऊन पाहा एकदा."

भैयाजी गेले. वानरीण त्यांना पाहून फांदीवर वर सरकली, आणि सरकताना तिनं एक हात गळ्याशी नेला. तिनं घंटी मुठीत धरली होती. वाजू नये म्हणून धरली होती. तीन पायांवर ती चालायची, चौथा हात घंटीला. त्यामुळं फांदीवरून उडी मारता येत नव्हती, पाला नीट ओरबाडता येत नव्हता. हात सुटला की घंटी वाजायची आणि ती स्वतःच दचकायची. तारेखाली गळ्याला जखम झाली होती, तिच्यावर माश्या होत्या. पिल्लू तिच्या पोटाला लटकून होतं, पण पहिल्यासारखं घट्ट नाही.

भैयाजींना तिथं उभं राहवेना. आपण हसलो होतो हे त्यांना आठवलं. लेकुरवाळी आहे तर चांगलंच आहे, हे आपले शब्द आठवले आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी त्यांना वाटलं की कोणीतरी पाहत आहे.

त्या दिवसापासून त्यांनी तिला धरायचा ध्यास घेतला. गावात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर घंटीवाले भाऊ कुठं राहिले असते? गुणाबाई बांधावर भिजवलेले हरभरे, भाकरीचे तुकडे ठेवायची. भैयाजी कुंपणाआड दडून बसायचे. वानरीण खाली उतरायची, दाण्यांकडं पाहायची, माणसाच्या हाताचा वास आला की मागं फिरायची. एकदाच त्या हातांनी तिला काही दिलं होतं, आणि ते तिच्या गळ्यात होतं.

शेवटी त्यांनी बिरजूला गाठलं. बिरजूनं जाळं लावलं. एकदा फसलेली वानरीण जाळ्याच्या जवळपासही आली नाही. त्यानं झाडावर चढून पाहिलं, ती पुढच्या झाडावर कशीबशी गेली आणि पडता पडता वाचली. तेव्हा बिरजू खाली उतरला, घाम पुसला आणि म्हणाला, "भाऊ, ते धरता येत नाई आता. अन् जगत बी नाई. मान सडून राह्यली. उपाशी मरंल, बहुत दिवस लागतीन."

"मंग?" भैयाजी म्हणाले.

"मारून टाकू का? एका बाणात सुटंल. पिलू लहान आहे, पन माझी बायको सोमारी बकरीच्या दुधावर जगवंल त्याले."

भर दुपार होती. मोहाखाली दोघंच होते. वर फांदीवर किणकिण झाली आणि थांबली, म्हणजे तिनं घंटी धरली असावी. भैयाजींना उत्तर ठाऊक होतं. बिरजू म्हणतो तेच करायला पाहिजे, त्याच्याहून दुसरी दया आता उरली नव्हती. ते कोणी करून टाकावं असं त्यांना इतक्या मनापासून वाटत होतं की डोळ्यांत पाणी आलं. पण "हो" म्हटलं की हत्या झाली. जन्मभर सांभाळलेली माळ गेली. आणि "नको" म्हटलं की उद्या पुन्हा इथं येऊन तो सडता गळा पाहणं आलं.

"भाऊ," बिरजूनं पुन्हा विचारलं, "मारू नको म्हणता का?"

भैयाजींनी माळेला हात लावला. वर पाहिलं, खाली पाहिलं. "हरी हरी," म्हणाले आणि घराकडं चालू लागले. ना हो, ना नाही. मूग गिळून बसण्यात पाप नसतं, अशी त्यांची त्या घडीला समजूत होती. निदान तशी समजूत करून घ्यायला वाटेत वेळ पुरला.

घरी ते जेवायला बसले. गुणाबाईनं भात वाढला. भैयाजी घास घेत होते, पण सारा जीव कानांत होता. वाडी घरामागंच होती, वारा त्या बाजूचा असला की घंटी ऐकू यायची. एकदा वाजली. मग एकदम खूप वाजली. मग थांबली आणि पुन्हा वाजलीच नाही.

भैयाजींच्या छातीवरचा धोंडा उतरला. ते म्हणाले, "थोडं वरण वाढ."

गुणाबाईनं पळी भांड्यातच धरून ठेवली आणि त्यांच्याकडं पाहिलं. मग वरण वाढलं.

तेवढ्यात नथ्थू पाटलाचा आरडाओरडा ऐकू आला. तो बैल पाजायला नाल्यावर गेला होता. त्याला काय दिसलं, तर मोहाच्या झाडाखाली मेलेली वानरीण, बाजूला बाण, आणि बिरजू एका हातात पिल्लू घेऊन दुसऱ्या हातानं तिच्या गळ्यातली तार उकलतो आहे. शेंदूर लावलेली, नारळ फोडलेली, मारुतीच्या नावानं सोडलेली वानरीण. नथ्थूनं स्वतः तिच्या भावकीतल्या एकाला गोळी घालायची तयारी दाखवली होती, पण ते आता कोण आठवतो.

गाव पुन्हा देवळापुढं जमलं. रीतीप्रमाणं वानरिणीला न्हाऊ घातलं, नवं लाल कापड गुंडाळलं, तिरडीवर बसती केली. कापड गळ्यापर्यंत घेतलं होतं, जखम दिसत नव्हती. मोठी प्रसन्न दिसत होती ती. बाया हळद-कुंकू वाहत होत्या. बिरजूला देवळापासून लांब, चिंचेखाली उभं केलं होतं. त्याच्या धोतराच्या ओच्यात पिल्लू होतं, मधून मधून चिरकत होतं.

"काऊन मारला रे?" नथ्थूनं विचारलं. "खावासाठी मारला ना?"

"खावासाठी नाई, पाटील. मान सडली होती. मी भाऊले विचारलं होतं."

सारी तोंडं भैयाजींकडं वळली. भैयाजींच्या हातात टाळ होते. भजनाला उभं राहायचं म्हणून लोकांनी ते आणून दिले होते.

"भैयाजी भाऊले? वांदर मारू का म्हणून? अन् काय म्हटलं भाऊनं?"

बिरजूनं जरा विचार केला. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. "भाऊनं नाई म्हटलं नाई," तो म्हणाला.

कोणी तरी फिस्सकन हसलं. नथ्थूचा आवाज चढला, "म्हणजे काय? मार म्हटलं का?"

"मार बी म्हटलं नाई."

"अरे, माळकरी माणूस वांदर मारा म्हणंल का? काही बी बोलून राह्यला हा. भाऊ, तुमीच सांगा. काय म्हटलं होतं तुमी याले?"

भैयाजींना समोर सारं स्वच्छ दिसत होतं. एक वाक्य. मीच मनानं मारवली, याचा काही दोष नाही, एवढं म्हणायचं. पण तिरडी समोर होती, टाळ हातात होते, आणि ज्या लोकांनी आजवर त्यांना विचारून पापपुण्य ठरवलं ते सारे त्यांच्या तोंडाकडं पाहत होते. तरी ते बोलले. खरं तेच बोलले.

"मी नाई म्हटलं नाई," भैयाजी म्हणाले.

आवाज शेवटाला जरा वर गेला, भजनी माणसाचा जातो तसा. आणि नथ्थूनं मांडीवर थाप मारली. "ऐकलं? भाऊ काय म्हणते? मी नाई म्हटलं, नाई? नाई म्हटलं होतं भाऊनं, तरी यानं मारला."

भैयाजींनी सांगितलं होतं की मी नको म्हटलं नाही. लोकांनी ऐकलं, मी नको म्हटलं होतं ना? शब्द तेच. एका अक्षराचाही फरक नव्हता. सारा फरक श्वास कुठं थांबला त्यात होता.

"असंच ना भाऊ?" नथ्थूनं विचारलं. "नाईच म्हटलं होतं ना?"

देवानं माणसाला इतक्या सरळ रीतीनं दुसरी संधी क्वचितच दिली असेल. भैयाजींनी बायांमध्ये पाहिलं. गुणाबाई पदर तोंडाशी धरून त्यांच्याकडंच पाहत होती. त्यांनी पलीकडं चिंचेखाली पाहिलं. बिरजूही पाहत होता. त्याला मराठी थोडकी येत असेल, पण हे वाक्य कुठं तोडायचं ते त्या साऱ्या गर्दीत त्याला आणि गुणाबाईलाच ठाऊक होतं.

भैयाजींची मान खाली गेली. शरमेनं गेली. गावाला वाटलं, होकार दिला.

पुढं सारं झटपट झालं. बिरजूनं शिवाराची राखण सोडावी, खळ्यावर वाटा मागायला येऊ नये, नाल्याच्या या काठाला पाय ठेवू नये, असं ठरलं. दसरू नावाचा दुसरा राखणदार ठेवायचं ठरलं. म्हातारा सुकलू पुटपुटला की त्याचं काही ऐकून तर घ्या, पण भजन सुरू करायची घाई होती.

"काही म्हणाचं आहे का तुले?" नथ्थूनं बिरजूला विचारलं.

बिरजूनं भैयाजींकडं आणखी एकदा पाहिलं. आता हा सारं ओकणार, असं वाटून भैयाजींनी डोळे मिटले. खरं तर त्यानं ओकावं अशीच त्यांची त्या क्षणी इच्छा होती, म्हणजे आपल्याला बोलावं लागणार नाही.

"नाई," बिरजू म्हणाला. "भाऊ म्हणतेत त तसंच असंल. माझ्याच ऐकण्यात चूक झाली असंल." ओच्यातलं पिल्लू त्यानं पोटाशी सारखं केलं आणि तो नाल्याकडं गेला.

त्यानं ते कीव करून म्हटलं की तुच्छतेनं, हे भैयाजींना कळलं नाही. पुढंही कधी कळलं नाही, आणि दोन्हींपैकी काय बरं वाटलं असतं तेही त्यांना ठरवता आलं नाही.

वानरिणीवर पहिली माती भैयाजींनी टाकावी असं सर्वांचं म्हणणं पडलं. त्यांनी टाकली. मग भजन झालं. भैयाजींच्या तोंडून आवाज फुटला नाही, तेव्हा लोक म्हणाले, पाहा, जीवमात्राविषयी किती कळवळा. घरी परतताना एका म्हातारीनं रस्त्यातच त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते पाय मागं घेत होते, ती पुढं सरकत होती.

घरी गुणाबाईनं रोजच्यासारखं पाणी दिलं, रोजच्यासारखं वाढलं. थट्टा मात्र बंद झाली. भैयाजींना आधी वाटलं की बरं झालं. मग घरात ती शांतता अशी भरली की बायकोनं चार शिव्या द्याव्यात असं त्यांना वाटू लागलं. एकदा ते नाल्यापर्यंत गेले. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. पलीकडं बिरजूच्या अंगणात सोमारी बसली होती, कापसाचा बोळा दुधात बुडवून पिल्लाच्या तोंडात पिळत होती. भैयाजींनी वहाणा काढून हातात घेतल्या. मग पुन्हा पायात घातल्या. बाजारात कोणी घंटीवाले भाऊ म्हणून हाक मारली की आता ते दुसऱ्या गल्लीला वळायचे.

हरभरा काढणीला आला तेव्हा चिचगावचे नानाजी दोघांतिघांना घेऊन आले. चिचगाव रानाच्या पलीकडच्या अंगाला. नानाजी पाटावर बसून म्हणाले, "भाऊ, आमच्याकडं कुठून का होईना, वांदराइचा मोठा कळप आला. सारी तूर खाऊन राह्यले. तुमचा तो उपाय करून द्या आमाले. अहिंसेचा. एक लेकुरवाळी पाहून ठेवली आहे. लेकुरवाळीच पायजे म्हणते ना?"

गुणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती, ती तिथंच थांबली.

"नाई," भैयाजी म्हणाले.

"म्हणजे? तुमाले फुरसत नाई का?"

"फुरसतीचं नाई. मी येत नाई, अन् तुमी बी हे करू नका. हे मारण्याहून वाईट आहे. अजिबात करू नका. बारीबारीनं माणसं बसवा अन् हाकला."

"दिवसभर बसाले माणसं कुठी आहेत, भाऊ?" नानाजी नाराज होऊन म्हणाले. पण भैयाजींचा आवाज इतका खणखणीत होता की त्यात दुसरा अर्थ काढायला कुठं फटच नव्हती. चिचगावचे लोक एकमेकांकडं पाहत उठले.

ते अंगणाबाहेर गेल्यावर गुणाबाई पुढं आली. तांब्या खाली ठेवत ती हळूच म्हणाली, "इतलं साफ 'नाई' म्हणता येते तुमाले."

तांब्यातलं पाणी समोर होतं, भैयाजींना तहानही लागली होती, पण तिच्यादेखत तो उचलायची त्यांना लाज वाटली.